वेब ॲपमधल्या एडिटरात मराठी मजकूर बिघडतो? एडिटर बदलण्याआधी हे तपासा

‘आमच्या साइटसाठी चांगला टेक्स्ट एडिटर सुचवा’ असा निरोप आला की मी आधी एकच विचारते: आत्ताच्या एडिटरमध्ये नक्की काय होतंय? साप्ताहिकं, वाचनालयं, पतसंस्था, शाळा अशांची छोटी वेब ॲप्लिकेशन्स मी सांभाळते आणि हा प्रश्न इतक्या वेळा सोडवलाय की तपासणीचा क्रम आता हातात बसलाय. बहुतेक वेळा दोष एडिटरचा नसतोच. तो असला, तरी कशामुळे हे न कळता दुसरा एडिटर बसवला तर तोच त्रास दोन महिन्यांनी नव्या नावाने परत येतो.

खालचा क्रम फुकट आणि पाच मिनिटांच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चिक कामापर्यंत जातो. कृपया मधल्या पायऱ्या गाळू नका.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं ते आधी ओळखा. एकाहून जास्त असतील तर प्रत्येक वेगळं लिहून ठेवा, कारण त्यांची मुळं बहुधा वेगवेगळी असतात.

- फोनवर लिहिताना अक्षरं दोनदा उमटतात किंवा शब्दाची शेपटी गायब होते. ‘शाळेत’ लिहावं तर ‘शाशाळेत’ होतं.
- लिहिता लिहिता कर्सर उडी मारून मजकुराच्या सुरुवातीला किंवा शेवटी जातो.
- पेस्ट केलेला लेख एडिटरात छान दिसतो, पण सेव्ह केल्यावर त्याजागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो.
- सेव्ह केल्यावर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात.
- लेखाचा शेवटचा भाग कापला जातो, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.
- उकार खालून कापले जातात, शिरोरेषा तुटते, जोडाक्षरं सुटी होतात.
- शब्द समोर दिसतोय, पण साइटवर शोधल्यावर सापडत नाही.

एक गोष्ट दोष वाटते, पण दोष नाही: बॅकस्पेस दाबल्यावर ‘की’मधली नुसती वेलांटी जाते आणि डिलीट दाबल्यावर अख्खं अक्षर जातं. देवनागरीत ब्राउझर असंच वागतात. संगणकात सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना ठरलेला क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. बॅकस्पेस एकेक युनिकोड चिन्ह काढतो, डिलीट दिसणारं पूर्ण अक्षर काढतो. यासाठी एडिटर बदलू नका.

हाताशी एक वाक्य ठेवा

प्रत्येक तपासणीत मी हे एकच वाक्य टाइप करते:

सुट्टीत ॲना दऱ्याखोऱ्यांतून हिंडली, कृष्णाकाठी पोहोचली, आणि ज्ञानूला म्हणाली, ‘दुःख क्षणभरच असतं गं!’ 🙏

यात ॲ आहे, ‘ऱ्य’ आहे, कृ, ष्ण, ज्ञ, क्ष आहेत, विसर्ग आहे (तो पुष्कळ जण कोलनने टाइप करतात), वळणदार अवतरणचिन्हं आहेत आणि शेवटी चार बाइटचं इमोजी आहे (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणुकीचं छोटं माप). पुढे ज्या ज्या ठिकाणी मजकूर बिघडू शकतो, त्यातल्या बहुतेक ठिकाणी हे वाक्य अडखळतं. ‘नमस्ते’ किंवा ‘टेस्ट’ लिहून बघण्यात अर्थ नाही, त्यात काहीच अडत नाही.

पहिली पाच मिनिटं: साधी चौकट

ज्या फोनवर किंवा संगणकावर त्रास होतोय, त्याच यंत्रावर, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच कीबोर्डने हे वाक्य साध्या टेक्स्टएरियात लिहून बघा. टेक्स्टएरिया म्हणजे बटणं नसलेली, फॉर्ममधली मोठी चौकट. ती हाताशी नसेल तर ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये लिहा.

टेक्स्टएरिया ही ब्राउझरची स्वतःची वस्तू आहे. कीबोर्ड आणि ब्राउझर तिथे थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये कोणाची जावास्क्रिप्ट नसते. ठळक, तिरपं, याद्या, तक्ते देणारे एडिटर मात्र कंटेंटएडिटेबल नावाच्या, पानावरचा मजकूर थेट बदलू देणाऱ्या सोयीवर उभे असतात. ती सोय २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये आली आणि बाकीच्या ब्राउझरांनी मागून आपापल्या समजुतीने घेतली. एंटर दाबल्यावर नवा परिच्छेद बनवायचा की नुसती ओळ तोडायची, इतक्या साध्या गोष्टीवरही त्यांचं वर्षानुवर्षं एकमत नव्हतं. एडिटर लिहिणाऱ्यांचे अर्धे कष्ट हे फरक झाकण्यात जातात.

साध्या चौकटीतही वाक्य बिघडलं तर एडिटर निर्दोष आहे. कीबोर्ड ॲप अपडेट करा, दुसरा कीबोर्ड लावून बघा आणि तिथेच थांबा. चौकटीत वाक्य नीट उमटलं तर पुढे चला.

लगेच दुसरी फुकट तपासणी: तेच पान इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडा. तिथे सहसा एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या पूरक सोयी, बंद असतात. व्याकरण तपासणारी एक्स्टेंशन एडिटरच्या मजकुरात स्वतःचे अदृश्य टॅग, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या खुणा, घुसवतात. रोमनमधून मराठी करून देणारी काही एक्स्टेंशन तर एडिटरला न विचारता थेट पानातला मजकूर बदलतात, मग एडिटरच्या आठवणीतला मजकूर आणि पडद्यावरचा मजकूर यांची फारकत होते. ब्राउझरचं आपोआप भाषांतरही असंच घातक आहे. ते मजकुराभोवती आपले टॅग गुंडाळतं आणि रिॲक्टसारख्या लायब्ररीवर, म्हणजे तयार जावास्क्रिप्ट कोडच्या संचावर, बांधलेलं पान त्यामुळे कोलमडू शकतं. इन्कॉग्निटोत सगळं नीट चाललं तर एकेक एक्स्टेंशन बंद करून गुन्हेगार शोधा, आणि डेव्हलपरला सांगून एडिटरच्या भागाला भाषांतर नको अशी खूण लावून घ्या.

पेस्ट: सगळ्यात जास्त भांडणं इथली

लेख सहसा एडिटरात लिहिला जात नाही. तो वर्डमधून, पेजमेकरच्या जुन्या फाइलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून येतो आणि पेस्ट होतो. म्हणून पेस्टची तपासणी दोन टप्प्यांत करा.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून नुसता मजकूर पेस्ट करा. त्रास गेला, तर दोष मजकुरासोबत आलेल्या वेषभूषेत आहे. वर्ड प्रत्येक परिच्छेदाबरोबर फॉन्ट, अंतर, रंग आणि स्वतःचे खास टॅग पाठवतं. एडिटरमध्ये पेस्ट साफ करण्याची सोय बहुधा असते, फक्त ती सुरू केलेली नसते. ती सुरू करा. तेवढ्यावर सुटलेली प्रकरणं माझ्याकडे कितीतरी आहेत.

दुसरा टप्पा जुन्या फॉन्टांचा. इथे मी जरा थांबते, कारण महाराष्ट्रातल्या छापील जगात हा प्रश्न अजून जिवंत आहे आणि बाहेरच्या डेव्हलपरला तो समजावून सांगेपर्यंत दिवस जातो.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेला लेख संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात. फॉन्ट फक्त त्या क्रमांकांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. डीटीपी करणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट बसवलेला असतो. पेस्ट करताना फॉन्टचं नावही सोबत येतं, म्हणून त्याला एडिटरात सुंदर मराठी दिसतं आणि तो निर्धास्त सेव्ह करतो. सर्व्हरवर सुरक्षेसाठी सॅनिटायझर, म्हणजे मजकुरातले नको ते टॅग काढणारी चाळणी, असतो. तो अनोळखी फॉन्टची नावं काढून टाकतो, आणि वेष उतरला की आतलं रोमन उघडं पडतं. सॅनिटायझरने फॉन्टचं नाव राहू दिलं, तरी वाचकाच्या फोनवर तो फॉन्ट नसल्याने वाचकाला कचराच दिसतो. ऑपरेटर म्हणतो ‘मी मराठीच टाकलं होतं’, संपादक म्हणतात ‘साइटने मराठी खाल्लं’, आणि आपापल्या जागी दोघंही खरं बोलत असतात.

तपासायला दहा सेकंद लागतात. लेख नोटपॅडमध्ये पेस्ट करा. रोमन दिसलं तर मजकूर जुन्या फॉन्टचा आहे, आणि जगातला कोणताही एडिटर लावला तरी तो मराठी होणार नाही. त्याला युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक लागतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो, एकाच घराण्यातल्या फॉन्टांचेही तक्ते वेगळे असू शकतात. म्हणून फाइलमधलं फॉन्टचं पूर्ण नाव बघून परिवर्तक निवडा. रूपांतरानंतर मुद्रितशोधन करावंच लागतं. पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ या तीन जागा आधी बघा. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, रफाराचं याच्या उलट होतं. अदलाबदलीची चूक तिथेच राहते. एका साप्ताहिकात मी या तीन जागांची चिठ्ठी ऑपरेटरच्या पडद्याला चिकटवली होती. नंतर त्या प्रकारच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

पेस्टचा एक उपद्रव आणखी. दोन शब्दांमधली जागा कधी कधी न तुटणाऱ्या जागेचं रूप घेते. दिसायला साधी स्पेसच, पण ओळ तिथे तुटत नाही आणि फोनवर मजकूर चौकटीबाहेर पळतो. सेव्ह करताना या जागा साध्या स्पेसमध्ये बदलणारी एक ओळ डेव्हलपरकडून टाकून घ्या.

कीबोर्ड: इन्स्क्रिप्टवर चालतं, फोनवर नाही

एका साप्ताहिकाचे कोकणातले वार्ताहर बातमी फोनवरून लिहायचे. शब्द दुप्पट होतात अशी त्यांची तक्रार होती. आम्ही कार्यालयात लॅपटॉपवर दोन आठवडे प्रयत्न केले, एकदाही दोष दिसला नाही. शेवटी ते पुण्यात आले तेव्हा मी म्हटलं, ‘काका, तुमच्याच फोनवर एक वाक्य लिहून दाखवता का?’ दुसऱ्याच शब्दाला दोष समोर होता. ते रोमनमध्ये टाइप करून मराठी घेत होते आणि आम्ही सगळे इन्स्क्रिप्टवाले.

हा फरक नीट समजून घ्या, कारण एडिटरची खरी परीक्षा इथेच होते. संगणकावरच्या इन्स्क्रिप्टमध्ये कळ दाबली की ठरलेलं चिन्ह थेट येतं, विषय संपला. फोनेटिक कीबोर्डमध्ये मात्र शब्द घडत असतो. तुम्ही रोमन अक्षरं देत जाता, कीबोर्ड अर्धवट शब्द दाखवतो, बदलतो, सूचना देतो आणि स्पेस दिल्यावर पक्का करतो. या घडणीच्या काळाला ब्राउझर कॉम्पोझिशन म्हणतो. तो सुरू झाल्याची, बदलल्याची आणि संपल्याची खबर वेगवेगळ्या इव्हेंटने एडिटरला मिळते. एडिटरने त्या काळात मजकुराला हात लावायचा नसतो. जुने एडिटर एकेका कळीवर लक्ष ठेवून लिहिलेले आहेत. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अशा वेळी कोणती कळ दाबली हे कळतच नाही, प्रत्येक वेळी २२९ हा एकच क्रमांक येतो. कळीवर विसंबलेला एडिटर तिथे आंधळा होतो.

तपासणी अशी: आपलं वाक्य तीन तऱ्हांनी लिहा. संगणकावर इन्स्क्रिप्टने, फोनवर मराठी अक्षरांच्या कीबोर्डने आणि फोनवर रोमनमधून मराठी करून. जमलं तर बोलूनही लिहा, कारण आवाजी टायपिंग मोठा तुकडा एकदम टाकतं. चौथी तऱ्हा म्हणून आधी लिहिलेल्या शब्दाच्या मध्ये कर्सर ठेवून तो सूचनेतून बदला. इन्स्क्रिप्ट नीट आणि बाकी बिघडलेलं असेल, तर दोष कॉम्पोझिशनचा आहे. एडिटर जुन्या आवृत्तीचा असेल तर आधी त्याचीच नवी आवृत्ती लावून बघा. या भागातल्या दुरुस्त्या बहुतेक चालू एडिटरांमध्ये गेल्या काही वर्षांत झाल्या आहेत.

नुसतं दिसण्यातलं

हे पटकन उरकतं. उकार किंवा रफार कापले जात असतील तर ओळींमधलं अंतर वाढवा. रोमनसाठी ठेवलेलं १.२ देवनागरीला पुरत नाही, मी १.६ च्या खाली जात नाही. शिरोरेषा तुटत असेल तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांत, अक्षरांमधलं अंतर वाढवणारी ओळ शोधा आणि शून्य करा. जोडाक्षर मध्येच फुटत असेल तर त्याच्या पोटात रंगाचा किंवा शोधाचा टॅग घुसलाय का बघा. एडिटरच्या चौकटीला भाषा मराठी असल्याची खूणही लावून घ्या. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, ते या खुणेवरून योग्य आकार निवडतात. ही खूण नसल्यामुळे हिंदी वळणाचा ‘ल’ घेऊन चाललेल्या मराठी साइट बघून मला दर वेळी वाईट वाटतं. एका शब्दाचं काम आहे ते.

कर्सर उडी मारतो

इथून डेव्हलपर लागतो, पण काम तास-दोन तासांचं असतं.

जवळजवळ नेहमीचं कारण: तुम्ही एक अक्षर लिहिता, ॲप ते स्वतःकडे साठवतं, आणि साठवलेला सगळा मजकूर पुन्हा एडिटरात ओततं. मजकूर तोच असतो, पण तो नव्याने ओतल्याने कर्सरची जागा हरवते. रिॲक्ट आणि व्ह्यू या लायब्ररींमध्ये एडिटर बसवताना ही चूक सहज होते. दुसरं कारण आपोआप सेव्ह. दर काही सेकंदांनी सर्व्हरकडे मजकूर जातो, सर्व्हर तो साफ करून परत पाठवतो आणि ॲप तो परत एडिटरात टाकतं. त्या क्षणी शब्द घडत असेल तर अर्धवट शब्द कायमचा अर्धवट राहतो.

आपोआप सेव्ह बंद करून पाच मिनिटं लिहा. उड्या थांबल्या तर उत्तर मिळालं. दुरुस्तीही सरळ आहे: पान उघडताना मजकूर एकदाच आत द्यायचा, नंतर फक्त बाहेर घ्यायचा. सेव्ह करायचं तर शब्द पक्का झाल्यावर. यासाठी एडिटर बदलू नका, नव्या एडिटरलाही तुमचं ॲप असंच वागवेल.

सेव्ह केल्यावर बिघडतं

या टप्प्याआधी डेटाबेसचा, म्हणजे लेख जिथे साठतात त्या कोठाराचा, बॅकअप घ्या आणि तो उघडतो याची खात्री करा. आधी बॅकअप, मग तपासणी.

प्रश्नचिन्हं आणि विचित्र चिन्हं हे दोन वेगळे आजार आहेत. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर मजकूर मराठी न ओळखणाऱ्या कॉलममध्ये किंवा जोडणीतून गेला आणि मूळ अक्षरं फेकली गेली. ती डेटाबेसमधून परत येणार नाहीत. लेख लेखकाकडून पुन्हा मागवावा लागेल. पण वर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाचं गोल चिन्ह अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर आशा ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं असतं आणि पहिले बाइट बहुतेक सारखेच असतात, म्हणून चुकीच्या चष्म्यातून बघितल्यावर तीच जोडी परत परत येते. मजकूर आत शाबूत असतो.

मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर टेबल, कॉलम आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८-एमबी-४ (चार बाइटची चिन्हंही मावणारं यूटीएफ-८) आहे का बघा. ८.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, नव्या टेबलांना ते आपोआप मिळतं. त्याआधी मराठी न मावणारं लॅटिन-१ मिळायचं आणि जुनी टेबलं तशीच पुढे आलेली असतात. नुसतं यूटीएफ-८ असं नाव दिसलं तर गाफील राहू नका. मायएसक्यूएलमध्ये ते परंपरेने तीन बाइटपुरतंच आहे. मराठी त्यात मावतं, आपल्या वाक्यातलं 🙏 मावत नाही. ‘लेख सेव्ह होत नाही’ अशा एका तक्रारीचा उलगडा मला याच इमोजीने करून दिला होता.

लेखाची शेपटी कापली जाणं हा वेगळा प्रकार. मायएसक्यूएलच्या टेक्स्ट कॉलममध्ये ६५,५३५ बाइट मावतात. तीन बाइटच्या हिशेबाने ती सुमारे २१,८४५ देवनागरी चिन्हं झाली, तीही वेलांट्या, मात्रा आणि हलन्त धरून. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण साठवताना ती चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट असतात. त्यावर वर्डचे टॅग चढले की दिवाळी अंकातली दीर्घकथा हद्द ओलांडते. लेखात चित्र थेट पेस्ट केलेलं असेल तर तेही मजकूर बनूनच साठतं, मूळ फाइलच्या सव्वापटीहून मोठं. डेटाबेस कडक पद्धतीने चालत नसेल तर जास्तीचा मजकूर तो कापतो, आणि ॲपने इशारे वाचले नाहीत तर कुणालाच कळत नाही. कॉलम मिडियमटेक्स्ट या मोठ्या प्रकारचा करा, चित्रं वेगळी अपलोड होतील असं करा आणि कडक पद्धत सुरू ठेवा. लेख कापला जाण्यापेक्षा चूक दाखवून थांबलेला बरा.

शोधात सापडत नाही

‘ॲप’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठू शकतो. एकात ‘ॲ’ हे एकच चिन्ह असतं, ते २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं. दुसऱ्यात ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. दिसायला एकच, संगणकाला वेगळे. ‘दऱ्या’चंही तसंच: कोणी ऱ वापरून लिहितं, कोणाचा कीबोर्ड र, हलन्त आणि शून्य रुंदीचा झीरो विड्थ जॉइनर देतो. युनिकोडचं प्रमाण रूप, म्हणजे एनएफसी, लावल्यावर ‘ऱ’ आणि ‘र खाली नुक्ता’ एक होतात, पण वरच्या दोन जोड्या एक होत नाहीत. त्यासाठी स्वतःचा छोटा बदल-तक्ता लिहावा लागतो.

तो शोधासाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रतीवर चालवा, मूळ लेखावर नाही. जॉइनर सरसकट पुसला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातली वाट समुद्रात जाते.

आता खरंच एडिटर बदलायचा असेल तर

इथवर येऊनही दोष कॉम्पोझिशनचाच निघाला आणि चालू एडिटरची नवी आवृत्तीही पुरली नाही, तरच बदला. किंवा एडिटरची देखभाल थांबली असेल तर. सीकेएडिटर ४ चा मोफत आधार जून २०२३ मध्ये संपला, ड्राफ्टजेएस हा प्रकल्प बंद करून ठेवलेला आहे. अशांवर नवं काही बांधू नका. सुरक्षेची भोकं बुजवायला कोणी नाही.

मी पहिला प्रश्न हा विचारते: ठळक-तिरपं खरंच हवंय का? तक्रार अर्ज, प्रतिक्रिया, वार्ताहराची बातमी यांना साधा टेक्स्टएरिया पुरतो. मराठी टायपिंगसाठी त्याच्याइतकं भरवशाचं आजही काही नाही. कोकणातल्या त्या काकांसाठी आम्ही शेवटी तेच केलं. रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद, एवढा एकच नियम. ठळक वगैरे संपादक कार्यालयात करतात.

रंगरूप हवंच असेल तर माझी पसंती प्रोझमिररला किंवा त्यावर उभ्या असलेल्या टिपटॅपला. दोन्हींचा गाभा एमआयटी या फारशा अटी नसलेल्या मोफत लायसन्सखाली आहे आणि दस्तऐवजात काय चालेल हे आधीच ठरवून देता येतं, त्यामुळे वर्डचा कचरा दारातच थांबतो. पण त्यांना बांधणारा हात लागतो. डेव्हलपर नसेल तर टायनीएमसीई किंवा सीकेएडिटर ५ तयार बटणांसकट मिळतात. त्यांची लायसन्स मात्र वाचा. टायनीएमसीई २०२४ च्या सातव्या आवृत्तीपासून एमआयटी सोडून जीपीएलवर (वाटलेल्या उत्पादनाचा कोड खुला ठेवायला लावणाऱ्या लायसन्सवर) गेला, सीकेएडिटर ५ ही जीपीएल किंवा विकत असाच आहे. तुम्ही बंद उत्पादन विकत असाल तर हा प्रश्न वकिलाचा आहे. क्विल हलका आहे, त्याची २.० आवृत्ती २०२४ मध्ये आली, पण गुंतागुंतीच्या तक्त्यांसाठी मी तो घेत नाही. मेटाने २०२२ मध्ये खुला केलेला लेक्सिकल रिॲक्टच्या ॲपमध्ये चांगला बसतो. मोनॅको हा कोड लिहिण्याचा एडिटर आहे आणि मोबाइल ब्राउझरवर त्याला अधिकृत आधार नाही. लेखांसाठी तो घेऊ नका.

नमुन्याच्या पानावर इंग्रजी लिहून निर्णय घेऊ नका. तुमच्याकडे सर्वांत जास्त लिहिणारे तीन जण निवडा, त्यांच्याच फोनवर नमुन्याचं पान उघडा आणि आपलं वाक्य त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने लिहायला सांगा. त्यांच्या बोटांना जो जमला तो एडिटर घ्या.

मग जुने लेख. अनेक नवे एडिटर अनोळखी टॅग गुपचूप गाळतात. जुना लेख उघडला, एक काना सुधारला, सेव्ह केला, आणि त्यातला तक्ता गेला. सर्वांत जुने आणि सर्वांत वाकडे वीस लेख चाचणीच्या प्रतीवर उघडून सेव्ह करा आणि आधी-नंतरचा मजकूर ताडून बघा. हे केल्याशिवाय नवा एडिटर खऱ्या साइटवर चढवू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

विचित्र चिन्हांचा मजकूर परत मराठी करायचा असेल तर स्वतः हात घालू नका. काही ओळी एकदा बिघडलेल्या असतात, काही दोनदा, काही मुळात नीट असतात. सगळ्यांवर एकच उपाय चालवला तर नीट ओळीही बिघडतात. डेटाबेस जाणणाराच प्रत्येक ओळ बाइटमध्ये बघून ठरवू शकतो. तोवर त्या लेखांवर ‘सेव्ह’ दाबू नका.

सॅनिटायझर बंद करून ‘आता चालतंय’ असं वाटलं तर तो लगेच परत सुरू करा. एडिटरमधून आलेला मजकूर सर्व्हरवर साफ झाला नाही, तर कोणीही लेखात स्क्रिप्ट घुसवून तुमच्या संपादकांच्या खात्यात शिरू शकतो. पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या ॲपमध्ये हा धोका माणसांच्या पैशांपर्यंत आणि मुलांच्या माहितीपर्यंत जातो. कोणते टॅग राहू द्यायचे हे सुरक्षेची जाण असलेल्या डेव्हलपरकडूनच ठरवून घ्या. तीच गोष्ट एका लेखावर अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याच्या सोयीची, आणि हजारो जुन्या फॉन्टातल्या लेखांच्या रूपांतराची.

बोलावलेल्या माणसाच्या हातात हे द्या: वरचं वाक्य, ते बिघडतानाचं फोनच्या पडद्याचं रेकॉर्डिंग, फोनचं मॉडेल, ब्राउझरची आवृत्ती, कीबोर्डचं नाव आणि त्यात निवडलेली तऱ्हा, बिघडलेल्या एका लेखाची डेटाबेसमधली कच्ची ओळ, आणि वरच्यापैकी कोणत्या तपासण्या झाल्या त्याची यादी.